सही जुळत नाही

अमळनेर
१२ फेब्रुवारी १९८९

चि. चुडामण यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं शेवटचं पत्र नाताळच्या आधीचं. त्यानंतर दोन महिने झाले, एक ओळ नाही. मस्कतला टपालाचा संप असतो की काय, असं पोस्टमनला विचारून झालं. तो म्हणाला, "बाई, तिकडे संप करणाऱ्याला विमानात बसवून परत धाडतात."

कोकिळा मजेत आहे. जूनमध्ये तिला माझ्याच शाळेत बसवणार आहे. परवा तिने भिंतीवर कोळशाने बापाचं विमान काढलं आणि वच्छलाचा मार खाल्ला.

वच्छलाबद्दल लिहायचं आहे म्हणून पत्र. तिला जिना चढताना धाप लागते, हे तू गेल्या वर्षी सुट्टीवर आलास तेव्हा पाहिलंच होतंस. अशक्तपणा असेल म्हणून आपण टॉनिक दिलं. जानेवारीत मी तिला धुळ्याला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सांगितलं की काळजातली एक झडप आखडली आहे. लहानपणी सोनगीरला तिचे सांधे सुजायचे, ताप यायचा, त्याचाच हा परिणाम म्हणे. मुंबईला ऑपरेशन करून झडप मोकळी करतात. सरकारी दवाखान्यात नंबर लावला तर दीड वर्ष थांबावं लागेल. खाजगीत लगेच होतं, पण सगळं धरून पस्तीस हजार लागतील.

घाई नाही, घाबरू नकोस. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा बंद असते, मला तिच्याबरोबर राहता येईल, म्हणून तेव्हाच उरकून घ्यावं असं मनात आहे. पैसा तुझ्या इथल्या खात्यात आहे. माझ्या नावाने चेक लिहून पाठव, बाकीचं मी बघते.

वच्छला नमस्कार सांगते. मी विचारलं, "अजून काही लिहू?" तर म्हणाली, "बठ्ठं बरं शे म्हना, दुसरं काय?" तिचं आपलं नेहमी सगळं बरंच असतं.

तुझी अक्का

---

मस्कत
९ मार्च १९८९

ती. अक्का यांस चुडामणचा साष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. हे अक्षर माझं नाही हे तुझ्या लगेच लक्षात येईल. माझ्या खोलीतला पुना लिहितो आहे, तोही सोनगीरचाच, वच्छलाच्या माहेरच्या गल्लीतला. मी सांगतो, तो लिहितो. वेल्डिंगचा झोत डोळ्यांत गेला होता, म्हणून डॉक्टरने काही दिवस लिहायला-वाचायला मना केलं आहे. काळजी करू नकोस. दीपनगरला पॉवर हाऊसच्या कामावर होतो तेव्हाही दोनदा असं झालं होतं. गुलाबपाणी घातलं की उतरतं. पत्र लांबलं ते त्यामुळेच.

पस्तीस हजारांचा चेक सोबत आहे. एका कवडीचाही विचार करू नको. पैसा त्यासाठीच तर आहे. वच्छलाला म्हणावं, मुंबईला जाताना खिडकीशी बसू नको, वारा लागतो.

ऑपरेशन मेमध्येच करा. मला सुट्टी मिळणार नाही, पण मन तिथेच असेल.

तुझा
चुडामण

---

अमळनेर
६ एप्रिल १९८९

चि. चुडामण,

चेक परत आला.

स्टेशन रोडवरच्या आपल्या बँकेत मी स्वतः गेले होते. काउंटरवर लोटन असतो. तो माझा जुना विद्यार्थी, तिसरीत बाकावर उभा राहायचा. त्याने चेक आत नेला आणि बराच वेळ बाहेरच आला नाही. आला तो चिठ्ठी घेऊन. चेकला टाचणी लावलेली, वर छापलेलं, "सही नमुन्याशी जुळत नाही."

मी मॅनेजरसाहेबांकडे गेले. नागपूरकडचे आहेत, बोलायला सभ्य. त्यांनी तुझ्या नमुना सहीचं कार्ड काढलं आणि चेक त्याच्याशेजारी ठेवला. चुडामण, खरं सांगते, मीही दोन्ही पुन्हा पुन्हा पाहिलं. कार्डावरची सही ती तुझी, 'चु. झु. पाटील', खाली नागमोडी रेघ, सातवीपासून वहीभर गिरवून बसवलेली. आणि चेकवर एखाद्या लेकराने पाटीवर काढावीत तशी वेडीवाकडी अक्षरं, रेघेला टेकलेलीसुद्धा नाहीत.

मी म्हटलं, "त्याचे डोळे दुखतायत." ते म्हणाले, "बाई, डोळे मिटूनसुद्धा माणूस स्वतःची सही नीट करतो." दोन वर्षांपूर्वी याच शाखेत दुबईतल्या एकाच्या खात्यावर त्याच्या सख्ख्या भावाने खोटा चेक वठवला होता, तेव्हाचा कॅशियर अजून घरी बसला आहे. त्यामुळे ते जपून असतात. तुझ्या खात्यात माझं नाव घालायचं विचारलं, तर परदेशातल्या माणसाच्या खात्यात इथल्या माणसाचं नाव चालत नाही, नियमच तसा आहे म्हणाले.

डोळे बरे झाले असतील. शांत बसून, खाली वही घेऊन सही कर. मागे आणखी दोन सह्या कर, असं लोटनने सांगितलं आहे. नाहीतर सोपं करू, तिथल्या पगारातून माझ्या नावाचा ड्राफ्टच पाठव ना. चार महिन्यांत तू काहीच पाठवलेलं नाहीस, ते साठलं असेलच.

अक्का

---

मस्कत
२ मे १९८९

ती. अक्का,

नवा चेक पाठवतो आहे. मागे दोन सह्या केल्या आहेत. शिवाय मॅनेजरसाहेबांना वेगळं पत्र दिलं आहे की खातेदार मीच आहे आणि पैसे माझ्या बहिणीला द्यावेत.

ड्राफ्टचं सध्या जमणार नाही. कंपनीने पगार अडकवला आहे. साइट बदलली, तिचा हिशोब व्हायचा आहे. सगळ्यांचाच अडकला आहे. वच्छलाला हे सांगू नको, उगाच जीवाला लावून घेईल.

आखाजीच्या सणाला ती माहेरी जाणार असेल तर बसने पाठवू नको. गाडी ठरव. मी नंतर देतो.

चुडामण

---

अमळनेर
१० जून १९८९

चुडामण,

दुसराही चेक परत आला. या वेळी तर तीन सह्या तीन तऱ्हेच्या. एकमेकींशीच जुळत नाहीत, मग कार्डाशी कशा जुळणार?

चिठ्ठी देताना लोटनने मला बाजूला नेलं आणि हळूच विचारलं, "बाई, रागावू नका. दादा तिकडे घेत तर नाही ना? असल्या सह्या आम्ही पाहतो. महिन्याच्या दहा तारखेला पगार झाला की पिणाऱ्याचा हात असाच थरथरतो."

त्याला मी झापलं. पण घरी आल्यावर जेवण गेलं नाही. डोळ्यांचं दुखणं, पगार अडकणं, स्वतःच्या हाताने पत्र न लिहिणं, सगळं जोडून पाहिलं. आमच्या हेडमास्तरांचा धाकटा भाऊ असाच गेला. तोही आधी डोळ्यांचंच सांगायचा.

मी तुझी थोरली बहीण आहे. आई गेल्यावर तुला मी वाढवलं. मला खरं सांग. तू पितोस का?

मेची सुट्टी गेली. ज्या डॉक्टरांकडे तारीख धरली होती त्यांना नाही म्हणून कळवलं. माझ्या फंडातून उचल मागितली होती, तर मंजूर झाली ती एवढीशी की त्यात तपासण्या आणि औषधंच भागतात. बांगड्या मोडल्या हे तुला कळवणार नव्हते, पण आता राग आला आहे म्हणून लिहिते.

वच्छला आखाजीला चार दिवस सोनगीरला जाऊन आली. गाडी करूनच नेलं. आल्यापासून फार गप्प असते. तुझी पत्रं मागून घेते आणि नुसती बघत बसते. तिला वाचता कितीसं येतं! बाकी ठीक आहे.

अक्का

---

मस्कत
५ जुलै १९८९

ती. अक्का,

तू विचारलंस म्हणून सांगतो. हो, घेतो. इथे उघड मिळत नाही, पण कॅम्पमध्ये लोक मिळवतात. एकटेपणाने लागली. आता सोडतो. शपथ घेतली आहे.

तू मारलंस तरी चालेल, पण बांगड्या मोडायला नको होत्या.

बँकेला सांग, एक महिना थांबा. मी रोज सही गिरवतो आहे. हात बसला की तिसरा चेक पाठवीन. या वेळी जुळेल.

वच्छलाला दारूचं सांगू नको.

चुडामण

---

अमळनेर
२० ऑगस्ट १९८९

चुडामण,

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तर लिहायला बसायचे आणि फाडायचे.

तू खरं सांगितलंस. मी मात्र तुला फेब्रुवारीपासून खोटं लिहिते आहे.

धुळ्याच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं, "सहा महिन्यांच्या आत करा. त्यापुढे मी जबाबदारी घेत नाही." मी तुला 'घाई नाही' असं लिहिलं. तू एवढ्या उंचावर, विस्तवाशी खेळत काम करणारा माणूस. मनात काळजी घेऊन परांचीवर चढशील आणि पाय सटकेल, अशी भीती वाटली. म्हटलं, चेक तर येणारच आहे, ऑपरेशन झालं की मग सांगू.

ते सहा महिने संपले.

मेपासून ती माझ्याकडे खालच्याच खोलीत झोपते, उशा लावून, अर्धी बसून. आडवी झाली की गुदमरते. पायांवर सूज आहे. कानबाईच्या सणाला आपल्याकडे नैवेद्याच्या रोटांचं दळण होतं. मी नको म्हणत असताना ती जात्याला हात लावायला म्हणून उठली आणि तिथेच पडली. थुंकीत रक्त आलं. कोकिळा समोरच होती. तीन दिवस सलाईन लावलं.

शुद्धीवर आली तर म्हणते, "त्यास्ले लिखू नका, अक्का. त्यास्ना जीव तठे एकला शे."

लिहिते आहे. मला आता दारूचा राग नाही, कशाचाच नाही. मॅनेजरसाहेब म्हणतात, खातेदाराने स्वतः यावं, समोर सही करावी, पाच मिनिटांचं काम आहे. चुडामण, नोकरी गेली तर जाऊ दे. ये.

अक्का

---

मस्कत
६ सप्टेंबर १९८९

अक्का,

हे पत्र मी स्वतः लिहितो आहे. डाव्या हाताने. चार दिवस लागले. अक्षर मोठं आहे, वाचून घे.

मी दारू पीत नाही. कधी प्यालो नाही.

१८ जानेवारीला साइटवर मोठा पाइप चढवत होतो. साखळी घसरली. पाइप आणि भिंत यांच्यामध्ये माझा उजवा हात आला. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं गेली. उरलेली दोन वाकत नाहीत. एक महिना दवाखान्यात होतो, म्हणून पत्र नव्हतं. तुझं पत्र आलं तेव्हा नुकतं बँडेज सोडलं होतं.

मी ते दोनदा वाचलं. वच्छलाचं काळीज दुखावलेलं आणि त्यात हे कसं सांगू, असं वाटलं. ऑपरेशन होऊन जाऊ दे, मग सांगू. चेकवर डाव्या हाताने सही केली. कोण एवढं बघतो, असं वाटलं होतं.

कंपनी म्हणते चूक माझी. मजुरी तेव्हापासून बंद आहे. कामगार कचेरीत भरपाईचा अर्ज आहे. तोवर मला गोदामाच्या फाटकावर बसवलं आहे, जेवण आणि खाट एवढ्यावर. पासपोर्ट कंपनीकडे आहे. निकालाआधी गेलो तर भरपाई नाही, असं सांगतात. मी तरी परवाच जाऊन पासपोर्ट मागितला. दिला नाही. निकाल लागल्यावर देऊ म्हणाले. तेव्हा भरपाई सोडतो म्हटलं तरी माझं येणं माझ्या हातात नाही.

तू दारूचं विचारलंस तेव्हा मला बरं वाटलं. दारू सुटते, असं तुला वाटेल. बोटं येत नाहीत.

आणखी एक गोष्ट होती. आपले आबा सोसायटीच्या कर्जाला जन्मभर अंगठा लावत आले. मी बँकेत पहिल्यांदा सही केली तेव्हा ते काउंटरशी उभे राहून बघत होते. आता अंगठा लावू का, असं बँकेला विचारायची मला लाज वाटली. एवढं मात्र खरं.

आता काही लपवत नाही. तूही लपवू नको. बँकेला सगळं सांग. वच्छलाला काय सांगायचं ते तू ठरव.

चुडामण

---

अमळनेर
२८ सप्टेंबर १९८९

चि. चुडामण,

पत्र वाचून रडले ते इथे लिहीत बसत नाही. कामाचं आधी.

त्याच दिवशी पत्र घेऊन बँकेत गेले. मॅनेजरसाहेबांनी ते पूर्ण वाचलं, चष्मा काढून ठेवला. म्हणाले, "बाई, आमच्याकडे निम्मी खाती अंगठ्याची आहेत. पुरुषाचा डावा अंगठा घेतात. यांचा डावा हात तर शाबूत आहे."

मग म्हणाले, "मार्चमध्ये हे कळलं असतं तर मेपर्यंत पैसे तुमच्या हातात असते."

हे लिहावं की नाही, याचा खूप विचार केला. तूच लिहिलंस काही लपवू नको, म्हणून लिहिलं. ते टोचून बोलले नाहीत. त्यांचाही चेहरा पडला होता.

आता असं कर. आपल्या वकिलातीत जा. तिथल्या अधिकाऱ्यासमोर अर्जावर डावा अंगठा लाव. अर्ज मॅनेजरसाहेबांनी स्वतः टाइप करून दिला आहे, सोबत पाठवते. फोटो लाव, फोटोवरही शिक्का हवा. हाताबद्दल दवाखान्याचा दाखला हवा. सगळं रजिस्टर टपालाने, बँकेच्या पत्त्यावर. ते म्हणाले, कागद आले की मी तुमच्या बाजूने शिफारस लिहितो.

वच्छलाला मी हाताचं सांगितलेलं नाही. डॉक्टर म्हणतात धक्का नको. ती परवा कोकिळाचे केस विंचरत होती, दम लागला म्हणून वेणी अर्धीच राहिली. कोकिळा तशीच शाळेत गेली, कुणाला पुरी करू देईना.

अक्का

---

मस्कत
२१ ऑक्टोबर १९८९

ती. अक्का,

झालं. पुनाने त्याची रजा घालून मला नेलं. वकिलातीतले साहेब भले होते. रांगेतून पुढे घेतलं, पाणी दिलं, अंगठा लावून झाल्यावर स्वतःच्या रुमालाने शाई पुसली. कागद आजच रजिस्टर केले.

दवाखान्याचा दाखला अरबीत आहे. इंग्रजीत मागितला होता, डॉक्टर सुट्टीवर होता. थांबलो नाही.

आता दिवाळी येते आहे. दिवाळीनंतर लगेच मुंबईला न्या. वच्छलाला माझा निरोप दे, डिसेंबरात ती जिना चढलेली असली पाहिजे.

चुडामण

---

अमळनेर
१० डिसेंबर १९८९

चि. चुडामण,

तार मिळाली असेलच. तारेत दोन शब्द मावतात. बाकीचं आज लिहिते.

तुझे कागद ६ नोव्हेंबरला बँकेत पोचले. मॅनेजरसाहेबांनी त्याच दिवशी शिफारस लिहिली. पण सहीवरून अंगठ्यावर यायचं आणि एवढी रक्कम द्यायची, तर जळगावच्या मोठ्या कचेरीची मंजुरी लागते. कागद जळगावला गेले. आठ दिवसांनी परत आले, दाखला अरबीत आहे, भाषांतर जोडा. मी ते भुसावळला घेऊन गेले. तिथे रेल्वे कॉलनीमागच्या मशिदीत एक म्हातारे मौलवी आहेत. त्यांनी सगळं काम बाजूला ठेवून उर्दूत उतरवून दिलं, त्यांच्या नातवाने ते इंग्रजीत केलं. पैसे घेतले नाहीत. ते घेऊन मी तशीच जळगावला गेले.

निवडणुकीचा आठवडा होता. सही करणारे साहेब मतदानाच्या कामावर. मलाही ड्यूटी लागली होती, तहसीलदारांच्या हातापाया पडून रद्द केली. जळगावच्या त्या कचेरीत मी तीन दिवस बाकावर बसले. शिपाई चहा आणून द्यायचा. कुणी वाईट वागलं नाही, चुडामण. वाईट वागले असते तर भांडता तरी आलं असतं. जो तो म्हणायचा, "साहेब आले की पहिलं तुमचंच."

इकडे २५ तारखेला वच्छलाला धुळ्याला दाखल केलं. मी जळगावहून परस्पर तिथे गेले. डॉक्टर म्हणाले, आता मुंबईपर्यंतचा प्रवासही झेपणार नाही. सोमवारी, २७ तारखेला दुपारी ती गेली. मी जवळ होते. पाणी मागितलं, दोन घोट प्याली, कूस बदलायला लावली. मला वाटलं झोपली.

तिसऱ्या दिवशी लोटन सायकलवर आला. फाटकातूनच ओरडला, "बाई, मंजुरी आली!" मग त्याने अंगणात बसलेली माणसं पाहिली. सायकल स्टँडवर न लावता तशीच हातात धरून उभा राहिला. थोड्या वेळाने मीच उठून त्याच्या हातातून कागद घेतला.

अजून एक सांगायचं आहे, आणि ते सर्वांत अवघड आहे.

दहाव्याला सोनगीरहून पुनाची बायको बेबाबाई आली होती. ती रडत माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "माले माफ करा." पुनाने एप्रिलमध्येच तिला तुझ्या हाताचं पत्रातून कळवलं होतं. आखाजीला वच्छला माहेरी गेली तेव्हा बेबाबाईने तिला सगळं सांगितलं.

ती मेपासून जाणत होती. दारूवरून तुला लिहिलेलं पत्र मी मोठ्याने वाचून पाहिलं तेव्हाही ती स्वयंपाकघरात बसून सगळं ऐकत होती. बेबाबाईने तिला विचारलं होतं, अक्कांना सांगितलंस का? तर म्हणाली, "त्यास्नी माले सांगं नही, मंग मी कोन्ले कसाले सांगू? मी बरी व्हसू तवय ते सांगतीन." ती बरी झाली की तू आपणहून सांगशील, याची वाट बघत होती.

तुझी पत्रं घेऊन नुसती बघत बसायची, ते मी तुला लिहिलं होतं. ती पत्राखालची तुझी डाव्या हाताची सही बघायची.

तू तिच्यासाठी लपवलंस, मी तुझ्यासाठी, आणि तिने तुझा मान राखायला. मी रोज शाळेत पोरांना 'खरे बोलावे' हे पाटीवर गिरवायला देते. आता ते वाक्य फळ्यावर लिहायला माझा हात उचलत नाही.

पैसे खात्यातच आहेत. मी काढले नाहीत. काय करायचं ते तू कळव.

अक्का

---

मस्कत
४ जानेवारी १९९०

ती. अक्का यांस नमस्कार.

तार मिळाली त्या दिवशी फाटकावरच होतो. पुना आला, माझ्या शेजारी खुर्ची घेऊन बसला. ट्रक येत-जात होते, मी नंबर लिहून घेत होतो. डाव्या हाताने आता बरं लिहिता येतं.

तुझं पत्र वाचलं. तुझी काही चूक नाही, असं लिहिणार होतो. मग वाटलं, तेही बरं वाटावं म्हणून लिहिलेलंच होईल. आपल्या तिघांचंही चुकलं. बँकेचंही काही चुकलं असेल, पण मला ते सापडत नाही. त्यांनी सही बघितली, ती माझी नव्हती.

वच्छला मला बघायला विमानतळावर आली तर पहिलं काय म्हणेल, हे मी वर्षभर मनात ठरवत होतो. मी हात खिशात ठेवीन, ती म्हणेल दाखवा, मी नाही म्हणेन. असं खूप ठरवलं होतं. तिला सगळं माहीत होतं, हे वाचल्यापासून दुसरं काही सुचत नाही.

कामगार कचेरीचा निकाल लागला. चूक निम्मी माझी धरली. जे मिळालं त्यात इथली उधारी आणि तिकीट भागलं. पासपोर्ट परवा हातात दिला. १० फेब्रुवारीला मुंबईला उतरतो. तिथून रात्रीच्या गाडीने येईन. स्टेशनवर कुणी येऊ नका. घर माहीत आहे मला.

पैशाचं आल्यावर बघू. तुझ्या बांगड्या पहिल्या. त्यात नाही म्हणू नको. बाकी कोकिळाच्या नावाने राहू दे.

मला आता वेल्डिंगचं काम कुणी देणार नाही. अमळनेरच्या तेलाच्या गिरणीत फाटकावर माणूस लागतो का, तेवढं विचारून ठेव. मला आता ते एकच काम येतं.

आणि एक. मी यायच्या आधी कोकिळाला सांगून ठेव की बापाच्या उजव्या हाताला तीन बोटं नाहीत. पाहून घाबरायला नको. तिची आई कुठे गेली म्हणून तिला तू काय सांगितलं आहेस, तेही मला उलट टपाली कळव. म्हणजे तिने विचारलं तर मी दुसरं काही बोलणार नाही.

तुझा
चुडामण